कोल्हापूरहून पुण्यात आलो आहे. क्रॉस-कंट्री सायकलिंगच्या कच्च्या वाटा कशा शोधाव्यात?

मसाईचा वाटसरू (प्रश्न)

नमस्कार. मी मूळचा कोल्हापूरचा. जुलैमध्ये नोकरीनिमित्त पुण्यात आलो आणि सध्या बावधनला राहतो. गेली सहा वर्षे मी माउंटन बाइक चालवीत आहे. उड्या मारणे किंवा केवळ उतारावरचा वेग यांत मला फारसा रस नाही. एकाच फेरीत चढ, उतार, माळ आणि ओढे पार करीत तीन-चार तास पायडल मारीत राहणे, म्हणजे ज्याला क्रॉस-कंट्री म्हणतात तो प्रकार मला मनापासून आवडतो. सायकल साधी हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली, आहे, पुढच्या फोर्कला १०० मिलिमीटरचे सस्पेन्शन आहे आणि टायर २.२५ इंचांचे आहेत.

कोल्हापुरात असताना वाटा शोधाव्या लागतात हे मला ठाऊकच नव्हते. रविवारी पहाटे आम्ही पाच-सहा जण वाघबीळमार्गे निघत असू, कधी जोतिबाकडे, तर कधी पन्हाळ्यावरून मसाई पठाराकडे. पुढच्या सायकलच्या मागोमाग गेलो की वाट आपोआप कळत असे, कारण पुढे चालणाऱ्याला ती त्याच्या आधीच्या कोणीतरी दाखवलेली होती. जांभ्यावर पाऊस पडून गेल्यावर चाक कोठे घसरते, कोणत्या वाडीतील कुत्री अंगावर येतात, कोणत्या महिन्यात गवत कमरेपर्यंत वाढते, हे सारे ज्ञान कोणी समोर बसवून दिले नाही, तरी ते मिळत गेले.

येथे आल्यापासून आठ-दहा वेळा एकट्याने बाहेर पडलो. मोबाइलवरील नकाशात दिसणारी एक रेघ धरून गेलो, ती एका कुंपणापाशी संपली. दुसरी रेघ वाट नव्हतीच, पावसाच्या पाण्याने कापलेली ओघळ होती आणि तेथून सायकल खांद्यावर घेऊन परतावे लागले. वेताळ टेकडीवर सकाळी सातला गेलो, तेव्हा फिरायला आलेल्यांची इतकी गर्दी होती की पाच मिनिटांत उतरून सायकल हातात धरली. एका आजोबांनी ‘येथे सायकल आणू नका’ असे सांगितले. त्यांचे चुकले असे मला वाटत नाही, परंतु मग कोठे जावे हेही समजत नाही.

पुण्यात जे अनेक वर्षे कच्च्या वाटांवर सायकल चालवीत आहेत, त्यांनी आपल्या वाटा कशा शोधल्या? कोणती जमीन कोणाची, कोठे परवानगी लागते आणि पाऊस संपल्यावर किती दिवस थांबावे, हे कसे ठरवता? मला केवळ पाच ठिकाणांची नावे नको आहेत, पुढे स्वतः शोधता यावे अशी पद्धत समजून घ्यायची आहे. नावे दिलीत तर अर्थातच आनंद होईल.

कऱ्हाकाठ

आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण बहुतेक जण पद्धत विचारीत नाहीत, थेट रेकॉर्ड केलेला मार्ग मागतात. मी साताऱ्याहून येथे येऊन चौदा वर्षे झाली आणि पहिले सगळे वर्ष माझेही कुंपणे पाहण्यातच गेले.

माझ्या अनुभवाप्रमाणे वाट शोधण्याआधी पाऊस समजून घ्यावा. लोणावळ्यात वर्षाला ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथून सुमारे ६५ किलोमीटरवरील शिवाजीनगरला तो साधारण ७०० मिलिमीटर होतो आणि जेजुरीकडे ५०० च्या आसपास येतो. म्हणजे एकाच रविवारी मुळशीकडील वाट चिखलात बुडालेली असते आणि सासवडच्या माळावर धूळ उडत असते. आपण बावधनला राहता म्हणून स्वाभाविकपणे पश्चिमेकडे, पिरंगुट-मुळशीच्या दिशेने पाहत असाल. ती बाजू नोव्हेंबरनंतर सुंदर आहे, पण आत्ता सप्टेंबरअखेरीस तेथील भातखाचरांच्या बांधांवरून सायकल नेणे म्हणजे शेतकऱ्याचे नुकसान आणि आपली फजिती. सध्या पूर्वेला आणि आग्नेयेला जावे.

दुसरी गोष्ट माती. पुण्याच्या टेकड्या बसाल्टच्या आहेत, त्यामुळे डोंगराच्या धारेवर आणि सोंडेवर मुरूम असतो आणि तो पाऊस थांबल्यावर एका-दोन दिवसांत चालवण्याजोगा होतो. खालच्या खोऱ्यात मात्र काळी माती आहे. ती टायरला लागली की शंभर पावलांत चाक फोर्कमध्ये अडकते आणि काठीने उकरून काढावी लागते. म्हणून मी नकाशावर प्रथम धारा पाहतो. पाण्यापासून दूर, उंचावरून जाणारी वाट बहुधा मुरुमाची निघते. आपल्याला जांभ्याची सवय आहे. जांभा ओला असताना शेवाळामुळे घसरतो, बसाल्टचा मुरूम उलट कोरडा असतानाच अधिक घसरतो, कारण वरचे सुटे खडे गोट्यांसारखे चाकाखालून सरकतात. पहिले दोन महिने उतारावर हे लक्षात ठेवावे.

नकाशांविषयी. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे नोंदणी केल्यावर विनामूल्य उतरवून घेता येतात. त्यांत समोच्च रेषांमधील अंतर २० मीटर असते, आणि गाडीवाटा व पायवाटा वेगवेगळ्या खुणांनी दाखवलेल्या असतात. यांतील बरीचशी माहिती जुनी आहे, आणि मला त्याचेच मोल वाटते: दोन गावांना जोडणारी जी गाडीवाट डांबरी रस्ता होण्याआधी वापरात होती ती पुष्कळदा अजूनही जिवंत असते, फक्त तिच्यावरून आता मेंढरे आणि शेताला जाणारी माणसे तेवढी चालतात. अशी वाट बैलाला झेपेल अशा चढाने काढलेली असल्यामुळे सायकललाही झेपते. त्यानंतर उपग्रहचित्र पाहावे, आणि ते मे महिन्यातले मिळाले तर उत्तम, कारण गवत वाळलेले असताना वाटेची पांढरी रेघ स्पष्ट दिसते. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या खुल्या नकाशावर काही वाटांना माउंटन बाइकसाठीची ० ते ६ अशी काठिण्यश्रेणी दिलेली असते. आपल्या प्रकाराला ० ते २ पुरे. ३ च्या पुढे अरुंद वळणे आणि मोठे दगड येतात.

स्ट्राव्हा या ॲपचा हीटमॅप, म्हणजे ॲप वापरणारे कोठून कोठून गेले हे उजळ रेघांनी दाखवणारा नकाशा, उपयोगी आहे, परंतु त्यावरील उजळ रेघ म्हणजे परवानगी नव्हे. याच हीटमॅपवर निरनिराळ्या देशांतील लष्करी तळांच्या आतले धावण्याचे मार्ग दिसू लागल्याने जानेवारी २०१८ मध्ये जगभर मोठी चर्चा झाली होती. पुण्यात हा मुद्दा फारच जवळचा आहे. आपल्या बावधनच्या दक्षिणेला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची (एनडीए) हद्द आहे, पाषाणला संरक्षण संशोधनाच्या संस्था आहेत, दिघीकडेही लष्कराची जमीन आहे. आतील रेघा तेथील जवानांच्या असतात. कुंपण पडलेले दिसले तरी आत जाऊ नये.

जमिनीच्या मालकीविषयी मी जे करतो ते कदाचित कंटाळवाणे वाटेल, पण त्याने माझे अनेक रविवार वाचले आहेत. महाभूनकाशा या शासकीय संकेतस्थळावर गावनकाशा उघडून गट क्रमांक पाहावा आणि मग त्या गटाचा सातबारा पाहावा. वनविभाग, गायरान, की खाजगी, हे तेथे कळते. गावनकाशावर पाणंद दिसली तर ती खूण करून ठेवावी, कारण पाणंद ही शेतांमधून जाणारी गावाची वहिवाटीची वाट असते आणि तेथून जाणाऱ्याला सहसा कोणी अडवत नाही. बावधन, बाणेर या भागांतील टेकड्यांविषयी मात्र सावध राहावे: महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांतील टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण असले, तरी त्यांतील पुष्कळ जमीन अजून खाजगी मालकीची आहे. आपल्याला भेटलेले कुंपण बहुधा त्यांपैकीच एक असावे.

अभयारण्यांत जाऊ नये. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य नकाशावर सपाट आणि मोहक दिसते, पण ते जेमतेम ५ चौरस किलोमीटरचे चिंकारांचे घर आहे.

आता नाव. सिंहगडाकडून पूर्वेला कात्रज, बोपदेव घाट, दिवे घाट, मल्हारगड असे करीत यवतजवळच्या भुलेश्वरापर्यंत जी रांग जाते, तिच्या दक्षिणेचा कऱ्हा नदीचा उंच पठारी मुलूख हा माझ्या मते पुण्याजवळचा क्रॉस-कंट्रीसाठी सर्वांत चांगला प्रदेश आहे. घाट चढून गेल्यावर पुन्हा पुण्याच्या पातळीला उतरावे लागत नाही, सासवड शिवाजीनगरपेक्षा बरेच उंचावर आहे, आणि चढ-उतार लहान-लहान पण सतत येत राहतात. कात्रज ते सिंहगड ही धार मात्र चालणाऱ्यांसाठी सोडावी. एकामागून एक टेकड्यांच्या त्या ओळीत सायकल चालवण्यापेक्षा उचलण्याचेच काम अधिक होते.

टेकडीचा फिरस्ता

मी सायकल चालवीत नाही. वय ६८ आहे आणि वेताळ टेकडीवर मी ३१ वर्षे चालतो आहे. आपल्याला ज्यांनी टोकले ते मी नव्हे, पण तसे मीही काही जणांना टोकले आहे, म्हणून कारण सांगणे माझे कर्तव्य समजतो.

ही शहराच्या हद्दीतील सर्वांत उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, आणि तिच्यावर पाषाण, पंचवटी, गोखलेनगर, चतुःशृंगी, विधी महाविद्यालयाचा रस्ता, कोथरूड अशा सर्व बाजूंनी माणसे चढतात. सकाळी सहा ते साडेआठ आणि सायंकाळी पाच ते सात या वेळांत तेथे माझ्याहून वृद्ध माणसे असतात, ज्यांना मागून येणारी सायकल ऐकू येत नाही आणि ऐकू आली तरी पटकन बाजूला होता येत नाही. माझ्या परिचयातील एका बाईंचे मनगट अशाच एका धक्क्यात मोडले. मुलगा चांगला होता, त्याने त्यांना दवाखान्यात नेले, खर्चही दिला. पण त्या पुन्हा टेकडीवर आल्या नाहीत.

दुसरे कारण झाडोऱ्याचे. जूनमध्ये पहिल्या सरींनंतर वाटेच्या कडेच्या उघड्या मुरुमातून दीपकाडी आणि सफेद मुसळी वर येते. ही झाडे कंदातून उगवतात, पावसाळा संपला की जमिनीखाली निजतात. वाटेत डबके दिसले की सायकलवाले, आणि खरे म्हणजे चालणारेसुद्धा, कडेने वळसा घालतात. दुसऱ्या दिवशी डबके मोठे होते, वळसाही मोठा होतो. एक हात रुंदीची पायवाट आम्ही चार हात झालेली पाहिली आहे, आणि त्या चार हातांत आता काहीच उगवत नाही. डबक्यातून सरळ जावे. सायकल धुता येते. तसेच टिटवी मार्चपासून पावसाळ्यापर्यंत अंडी घालते आणि तिचे घरटे म्हणजे उघड्यावरची खडीच असते. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली तर तेथून मागे फिरावे.

आणखी एक धोका बाहेरून आलेल्यांना माहीत नसतो. वनविभागाने पाणी जिरवण्यासाठी उतारांवर सलग समतल चर खणलेले आहेत. पावसाळ्यात ते गवताने झाकले जातात. वरून सरळ उतार मोकळा दिसतो आणि मध्येच गुडघाभर खोल चर येतो. जुन्या दगडखाणींच्या कडाही अशाच अचानक समोर येतात, आणि तेथे खाली खोल पाणी आहे.

आपण विचारलेत याचा मला आनंद आहे. जो विचारतो तो काळजी घेतो.

सिंगलस्पीड कोथरूड

काकांच्या प्रत्येक मुद्द्याशी मी सहमत आहे, परंतु त्यातून ‘टेकडीवर सायकल नकोच’ असा निष्कर्ष निघत असेल तर त्याला माझा नम्र विरोध आहे. सासवडचा मुलूख सुंदर आहे, मीही जाते. मात्र तेथे जाऊन चालवून परत येण्यात अर्धा दिवस जातो. ज्या बाईला कामावर जाण्याआधी एक तास मिळतो, किंवा ज्या शाळकरी मुलाकडे गाडी नाही, त्याला घराजवळची टेकडीच आहे. ती बंद केली तर हा खेळ फक्त रविवारी मोटारीवर सायकल बांधणाऱ्यांचा उरेल.

मी गेली सात वर्षे महात्मा सोसायटीच्या मागच्या टेकडीवर आणि तेथून पुढच्या भागात आठवड्यातून दोनदा जाते, आणि ते शक्य होते कारण वेळ मी निवडते. मंगळवार आणि गुरुवार, सकाळी नऊनंतर. तोपर्यंत फिरणारे खाली उतरलेले असतात. माणूस दिसला की पन्नास पावले आधी घंटी वाजवते, वेग चालण्याइतका करते, वृद्ध असतील तर उतरते. वनविभागाने एखाद्या प्रवेशद्वारावर सायकलला मनाई लिहिली असेल तर तेथे विषय संपला. आजूबाजूच्या फटीतून आत जाणाऱ्यांमुळेच पुढचे फलक लागतात.

लहान टेकडीवर काय साधणार, असे वाटत असेल तर लक्षात घ्यावे की ऑलिंपिकमध्ये १९९६ पासून असलेली क्रॉस-कंट्रीची शर्यतसुद्धा साधारण ४ ते ६ किलोमीटरची फेरी पुन्हा पुन्हा मारूनच होते. माझी फेरी साडेतीन किलोमीटरची आहे. तीच वाट चाळीस वेळा चालवल्यावर चढावर गिअर कधी बदलावा, मागच्या चाकावर भार कधी ठेवावा, कोणत्या दगडाच्या कोणत्या बाजूने जावे हे अंगात मुरते, जे दर रविवारी नवी वाट शोधणाऱ्याला येत नाही.

सुरक्षिततेविषयी स्पष्ट लिहिते. शहराभोवतीच्या टेकड्यांवर आणि घाटांत एकट्या-दुकट्या माणसाला अडवून मोबाइल व पैसे हिसकावण्याचे प्रकार झालेले आहेत. अंधार पडल्यावर बोपदेव घाटाच्या परिसरात किंवा कोणत्याही टेकडीच्या मागच्या अंगाला थांबू नये, ही सूचना केवळ बायकांसाठी नाही. मी घरी मार्ग आणि परतीची वेळ सांगून निघते, लाइव्ह लोकेशन चालू ठेवते, आणि नव्या वाटेवर पहिल्यांदा कधीही एकटी जात नाही. ११२ हा क्रमांक सर्वांना ठाऊक असतो, परंतु आपण नेमके कोठे आहोत हे सांगता येणे अधिक महत्त्वाचे असते. म्हणून जवळच्या वाडीचे किंवा देवळाचे नाव जाता जाता लक्षात ठेवावे.

सोबत कशी मिळेल, हे आपण विचारले नाहीत, पण माझ्या मते वाटांच्या आधी तोच प्रश्न आहे. आपल्या भागातील सायकल दुरुस्तीच्या चांगल्या दुकानात शनिवारी सायंकाळी जाऊन बसावे. जाड टायरच्या, चिखलाने भरलेल्या सायकली ज्याच्याकडे येतात त्या मिस्त्रीला कोण कोठे जातो हे सगळ्या नकाशांपेक्षा अधिक माहीत असते.

काट्यांचा मुलूख

वर सगळ्यांनी वाटांविषयी लिहिले आहे, मी फक्त टायरविषयी लिहितो, कारण कोल्हापूरकडून येणारे बहुतेक जण पहिल्याच महिन्यात पूर्वेकडच्या माळावर पायी परततात.

सासवड, जेजुरी, यवत हा बाभूळ आणि हिवराचा प्रदेश आहे. शेताला कुंपण म्हणून तोडलेल्या फांद्या वाटेवर पसरलेल्या असतात, आणि पाऊस संपल्यावर जमिनीलगत सराटे पिकतात. ट्यूब घालून गेलात तर एका फेरीत तीन-चार पंक्चर धरून चालावे. ट्यूबलेस करून घ्यावे, २९ इंची चाकाच्या २.२५ इंची टायरमध्ये १०० मिलिलिटरच्या आसपास सीलंट, म्हणजे छिद्र आपोआप बुजवणारा द्रव, घालावे आणि ते उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी तपासावे, कारण आपल्या उन्हात ते लवकर वाळते. टायरमध्ये रुतलेला काटा वाटेत उपटू नये. सीलंटने छिद्र भरलेले असते, ते तसेच घरी आणावे.

हवेचा दाब ७० किलो वजनाच्या माणसाने पुढे २१ आणि मागे २३ पीएसआयच्या आसपास ठेवून पाहावा. जांभ्यावर याहून कमी चालतो. बसाल्टच्या, विशेषतः खाणीजवळच्या धारदार खडीवर कमी दाब ठेवला तर टायरची बाजूची भिंत फाटते आणि त्याला सीलंट पुरे पडत नाही. त्यासाठी जुन्या टायरचा तळहाताएवढा तुकडा आणि एक ट्यूब खोगिराखाली बांधलेली असावी.

पाणी तीन लिटर न्यावे. ऑक्टोबरचे ऊन त्या माळावर फसवे असते.

मसाईचा वाटसरू

इतके मनापासून लिहिल्याबद्दल सर्वांचे आभार. काका, आपण लिहिलेला टिटवीचा आणि डबक्याचा मुद्दा मी कोल्हापूरच्या मित्रांनाही कळवला आहे. मसाई पठारावर आम्ही सहा वर्षे डबक्यांना वळसेच घालत आलो.

कऱ्हाकाठ, आपण सांगितल्याप्रमाणे नकाशा उतरवून घेतला. रांगेच्या दक्षिण अंगाला इतक्या गाडीवाटा दिसतात की सुरुवात कोठून करावी हे समजेना. अर्ध्या दिवसात होईल आणि चुकलो तरी गाव जवळ असेल, अशी एखादी फेरी सुचवाल का?

कऱ्हाकाठ

पहिल्या वेळी मल्हारगडाची फेरी करावी. दिवे घाटाच्या माथ्याशी झेंडेवाडी आहे. तेथून मल्हारगडाच्या पायथ्याकडे कच्ची वाट जाते, पायथ्याला वळसा घालून सोनोरीत उतरता येते, आणि सोनोरीहून सासवडमार्गे पुन्हा झेंडेवाडीला येता येते. माझ्या मोजणीत हे २४-२५ किलोमीटर भरते. गड उजव्या-डाव्या कोणत्याही हाताला ठेवला तरी दिसत राहतो, त्यामुळे दिशा चुकत नाही. हा पेशवाईतला किल्ला, १७५७ ते १७६० या काळात बांधलेला, महाराष्ट्रातील सर्वांत शेवटी उभारलेल्या किल्ल्यांत त्याची गणना होते. सायकल खाली ठेवून वर पायी जावे, तटावरून रांगेचा पुढचा भाग नीट पाहता येतो आणि पुढच्या तीन-चार फेऱ्या तेथेच ठरतात.

दिवे घाटातून सायकलने चढू नये. तेथे अवजड वाहतूक असते. बोपदेव घाटाने चढून बोपगावकडून जावे किंवा पहिल्यांदा सायकल गाडीत घालून सासवडपर्यंत आणावी. बोपदेवमार्गे आलात तर बोपगावच्या डोंगरावर कानिफनाथाचे देऊळ आहे, तेथे पाणी भरून घेता येते.

सासवडच्या आसपास अंजीर आणि सीताफळाच्या बागा आहेत आणि सध्या सीताफळाचा हंगाम आहे. या दिवसांत अनोळखी माणूस बागेच्या बांधावर दिसला की शेतकऱ्याला शंका येणारच. आधी उतरावे, ‘राम राम’ म्हणावे, कोठून आलो आणि कोठे जायचे आहे हे सांगावे, मग वाट विचारावी. ‘येथून जाऊ का?’ असे विचारण्यापेक्षा ‘सोनोरीला जुनी वाट कोठून जाते?’ असे विचारले तर उत्तर हमखास मिळते, कारण जुनी वाट हा तेथील वयस्कर माणसांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

मसाईचा वाटसरू

काल जाऊन आलो. सिंगलस्पीड कोथरूड यांच्या सल्ल्याप्रमाणे दोन शनिवार बावधनजवळच्या एका दुकानात बसलो आणि तेथे भेटलेले दोघे जण सोबत आले, त्यांतील एक सोलापूरचे आहेत आणि त्यांनाही पुण्यात येऊन वर्षच झाले आहे.

सासवडला सायकली उतरवून आम्ही फेरी उलट दिशेने, सोनोरीकडून सुरू केली. पहिला तास अपेक्षेप्रमाणे गेला. मुरूम वाळलेला होता, आणि कोरड्या खड्यांवर पुढचे चाक दोनदा निसटले, तेव्हा आपला इशारा आठवला. गडाच्या पश्चिम अंगाला नकाशावरची गाडीवाट एका सीताफळाच्या बागेत शिरून नाहीशी झाली. बागेत तोडणी चालू होती. उतरलो, सांगितल्याप्रमाणे जुनी वाट विचारली. सत्तरीचे एक गृहस्थ होते, त्यांनी हातातील क्रेट खाली ठेवला आणि आमच्याबरोबर स्वतः दोन बांध ओलांडून आले. जुनी वाट बागेमुळे बंद झाली होती, पण तिच्या वरच्या अंगाने पाणंद होती, दोन्ही बाजूंना निवडुंग आणि मधून जेमतेम एक बैलगाडी जाईल एवढी. त्यांच्या लग्नात वऱ्हाड याच पाणंदीने झेंडेवाडीहून आले होते, असे त्यांनी सांगितले. निघताना प्रत्येकाच्या पिशवीत दोन-दोन सीताफळे घातली.

त्या पाणंदीतून वर धारेवर आलो, तेव्हा एका बाजूला पुण्याकडचा सगळा सपाट प्रदेश आणि दुसऱ्या बाजूला कऱ्हेचे खोरे एकदम दिसले. कोल्हापूर सोडल्यापासून सायकलवर इतका आनंद झाला नव्हता. तेथून उतरताना गवतात झाकलेला समतल चर आला. वेग कमी होता म्हणून तिघेही वेळेत थांबलो. काका, तो चर मला आपल्यामुळे दिसला.

मागच्या टायरमध्ये अकरा काटे मोजले. एकही उपटला नाही आणि हवा आज सकाळपर्यंत टिकून आहे.

पाणंदीचा भाग ओपनस्ट्रीटमॅपवर नव्हता. तो भरण्याआधी त्या गृहस्थांना पुन्हा भेटून विचारणार आहे, कारण नकाशावर वाट आली की मोटारसायकलीही येतात आणि बाग त्यांची आहे. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला सासवडहून पुन्हा निघणार आहोत, या वेळी मल्हारगडावरून पूर्वेला भुलेश्वराच्या दिशेने जेवढे जमेल तेवढे. कोणास यायचे असल्यास शुक्रवारपर्यंत येथेच कळवावे. गाडीत एका सायकलची जागा आहे.

सिंगलस्पीड कोथरूड

ती जागा माझ्यासाठी ठेवावी. साडेपाचला चांदणी चौकात थांबते. भुलेश्वराच्या बाजूला दुपारी सावली मिळत नाही, त्यामुळे अकराच्या आत परत फिरायचे, एवढे आधी ठरवून निघू.